जाळण्याआधी पाती उघडून पाहा

मा. मुख्यमंत्री तथा ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य,
रामगिरी, नागपूर

महोदय,



साताऱ्याकडे वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर, धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ ब्राह्मणवेलच्या माळावर ज्या पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांतल्या जुन्यांचं वय आता भरत आलं आहे. वनकुसवड्याच्या पहिल्या चक्क्या ३५० किलोवॅटच्या, ३३ मीटर व्यासाच्या. आज आपल्या पुण्याचीच सुझलॉन १४४ मीटर व्यासाची, तीन मेगावॅटच्या वरची चक्की बाजारात आणते. एवढ्या चांगल्या वाऱ्याच्या जागा जुन्या छोट्या चक्क्यांनी अडवून ठेवाव्यात, असं कोणीच म्हणणार नाही. केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या चक्क्या बदलण्याचं आणि त्यांचं आयुष्य वाढवण्याचं धोरण नव्याने आणलं, तेव्हा २ मेगावॅटखालच्या चक्क्यांचा हिशेब धरून देशभरात सुमारे २५ हजार मेगावॅटची क्षमता अशा बदलाला योग्य असल्याचा अंदाज पुढे आला. म्हणजे चक्क्या उतरणार. प्रश्न आहे तो उतरलेल्या पात्यांचा.

मनोऱ्याचं पोलाद, जनरेटरमधलं तांबं, गिअरबॉक्स हे सगळं भंगारवाला दारात येऊन घेऊन जातो. पात्याकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्यात विकण्याजोगा धातू जवळपास नसतोच. काचेचे धागे, इपॉक्सी रेझिन, मधे बाल्साचं लाकूड नाहीतर फोम, एवढाच ऐवज. तापवून वितळत नाही, सहजी तुटत नाही, कुजत तर मुळीच नाही. मग ते एक तर कुठल्या तरी बांधाला पडून राहतं, नाहीतर तुकडे होऊन सिमेंटच्या भट्टीत जातं.

माझी विनंती साधी आहे. ही पाती भट्टीत घालण्याआधी त्यांतली निवडक पाती नागपूरला आणावीत, कापावीत, आतून तपासावीत, आणि जे सापडेल ते जाहीर करावं. माणूस संशयास्पद रीतीने गेला तर आपण शवविच्छेदन करतो. वीस-पंचवीस वर्षं ऊन, पाऊस, वीज आणि वारा सोसून उतरलेलं पातं मात्र न उघडताच जाळतो.

हे पत्र मी वाऱ्याचा अभ्यासक म्हणून लिहीत नाही. हिंगणा एमआयडीसीत काच आणि रेझिनच्या कामात माझी उमर गेली. नागपूरकराला ‘फायबर’ म्हटलं की कूलरची बॉडी आठवते. तीही आम्ही केली, टाक्याही केल्या. त्यामुळे पात्याकडे पाहताना माझी नजर आधी त्याच्या आत जाते.

पातं कसं होतं ते थोडं सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथूनच निघतं. लांबच लांब साचे असतात, दोन. एकात पात्याचं पोट, दुसऱ्यात पाठ. साच्यात काचेच्या कापडाचे थर हाताने अंथरले जातात. बुडाशी ते कित्येक डझन असतात, टोकाकडे कमी होत जातात. मधे फोम किंवा बाल्साच्या पट्ट्या बसतात. वरून प्लास्टिकची पिशवी, कडेने चिकट पट्टी लावून हवा ओढून घेतात आणि मग एका बाजूने रेझिन सोडतात. हवा नसल्यामुळे रेझिन कापडातून पसरत जातं. त्यानंतर गरम करून घट्ट करायचं. मग आतल्या आधाराच्या भिंती बसवायच्या, कडांना चिकटवणारी पेस्ट लावायची, एक साचा दुसऱ्यावर उलटा झाकायचा. उघडल्यावर पातं तयार. पुढे घासणं, रंग, बुडाचे बोल्ट.

यातलं बहुतेक काम हाताचं आहे, आणि पात्याचं पुढचं आयुष्य त्या हातांत असतं. कापडाचा एक थर अंथरताना खाली जराशी सुरकुती राहिली की तिथले धागे सरळ राहत नाहीत. काचेचा धागा ओढला तर पोलादाला भारी असतो, पण वाकडा असताना दाबला की कच खातो. रेझिन एखाद्या कोपऱ्यापर्यंत पोचलं नाही तर तिथे कोरडं कापड राहतं. पेस्ट कुठे जाड, कुठे पातळ बसली तर जोडाच्या आत पोकळी राहते. पावसाळ्यात हवेतलं पाणी हार्डनरला चिकटतं आणि घट्ट झालेल्या रेझिनवर मेणचट थर येतो. त्यावर केलेला जोड बाहेरून दिसायला उत्तम असतो. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की रेझिन डब्यातच धुमसायला लागतं, हे आमच्या गल्लीतला नवखा पोऱ्यासुद्धा पहिल्या उन्हाळ्यात शिकतो. पात्याच्या कारखान्यात तापमान आणि दमटपणा सांभाळतात, मोजून लिहून ठेवतात. पण साचा साठ-सत्तर मीटर लांब असला की एका टोकाला जे घडतं ते दुसऱ्या टोकाला कळत नाही.

आणि हे पातं किती सोसतं? मिनिटाला पंधरा फेरे धरले तरी वीस वर्षांत दहा कोटींहून जास्त वेळा ते आपल्याच वजनाने एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतं. मोठ्या चक्कीच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास जातो; त्या वेगाला पावसाचा थेंब आणि धुळीचा कण पात्याची पुढची कड खरवडून काढतात. वरून वीज पडते ती वेगळीच.

या धंद्यात चूक किती महाग पडते याचा धडा महाराष्ट्राने आधीच गिरवला आहे. २००८ साली अमेरिकेत सुझलॉनच्या २.१ मेगावॅटच्या एस-८८ चक्क्यांच्या पात्यांना तडे आढळले. कंपनीला तिथे दिलेल्या पात्यांपैकी जवळपास सगळ्यांना, १२५१ पात्यांना, बळकटी देण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इलिनॉय राज्यात एक पातं तुटून शेतात जाऊन पडलं. मी हे सुझलॉनला दोष द्यायला लिहीत नाही. ती कंपनी त्यातून सावरली, आणि डेन्मार्क-जर्मनीच्या नामांकित कंपन्यांच्या पात्यांनीही मालकांना रडवलं आहे. मुद्दा असा की दुरुस्त केलेलं प्रत्येक पातं म्हणजे नव्याने जाळलेलं डिझेल, नव्याने आणलेली क्रेन, नव्याने ओतलेलं रेझिन. आठव्या वर्षी बाद होणारं पातं पुनर्वापराच्या कितीही चांगल्या रेझिनचं असलं तरी पर्यावरणाच्या खात्यावर ते तोट्यातच. पर्यावरणाचं पहिलं काम कारखान्याच्या फरशीवर होतं, कापड सरळ अंथरण्यात. परिसंवादांत हे क्वचितच ऐकू येतं. तिथे सगळी चर्चा पातं मेल्यानंतरच्या विल्हेवाटीची.

म्हणून जुनी पाती मला कचरा वाटत नाहीत. आपल्या हवेत, आपल्या वाऱ्यात, आपल्या विजांमध्ये, आपल्याच कारागिरांनी केलेली पाती कशी टिकली याचा पुरावा तोच आहे, आणि तो एकदाच हाती येतो. जर्मनीत डेब्रा-२५ नावाच्या छोट्या चक्कीची पाती १८ वर्षं फिरल्यावर उतरवून संशोधकांनी तपासली, त्यावर शोधनिबंध लिहिला. आपल्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर चक्क्यांचा पक्ष्यांवर आणि सरड्यांवर काय परिणाम झाला याचा उत्तम अभ्यास २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला: जिथे चक्क्या तिथे शिकारी पक्षी घटले आणि सरडे वाढले. त्याच चक्क्यांच्या पात्यांच्या पोटात काय झालं ते पाहायलाही कोणीतरी तितक्याच चिकाटीने जायला हवं.

पाहायचं कसं, तर त्याला फार मोठी यंत्रं लागत नाहीत. एक उदाहरण देतो. पात्याच्या बुडाजवळून हातभर तुकडा कापायचा आणि त्यातले छोटे चौकोन प्रयोगशाळेच्या मफल भट्टीत सहाशे अंशांच्या आत ठेवायचे. रेझिन जळून जातं, काच राहते. बाहेर काढल्यावर पांढरंशुभ्र कापड थरांवर थर तसंच दिसतं, पंचवीस वर्षांपूर्वी त्या कारागिराने जसं अंथरलं होतं तसं. चिमट्याने एकेक थर उचलत जायचं. तिसऱ्या थराची कड दुमडली आहे, सातवा थर दोन बोटं सरकला आहे, एक थर नकाशात आहे पण इथे नाहीच, हे सगळं डोळ्यांनी दिसतं. उरलेल्या काचेचं वजन केलं की रेझिन जास्त होतं की कमी तेही कळतं. दुसरा तुकडा तापवून त्यातलं रेझिन पूर्ण घट्ट झालं होतं का ते मोजायचं. तिसरा, कडेच्या जोडाचा, आडवा कापून पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली घालायचा. गाभ्यातलं पाणी, विजेच्या खुणा, जुन्या दुरुस्त्या, सगळं नोंदवायचं. अशी शंभरेक पाती उघडली, आणि ती कुठल्या पठारावर, कुठल्या दिशेला, किती वर्षं फिरली हे शेजारी लिहिलं, तर नवीन पाती बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याच्या उपयोगाची माहिती हाती येईल.

आता नागपूरच का? विदर्भात वारा बेताचा आहे, हे मलाही माहीत आहे. पात्यांचा कारखाना नागपूरला आणा अशी मागणी मी करणार नाही. सत्तर मीटरचं पातं घाट उतरवत सातशे-आठशे किलोमीटर नेण्यापेक्षा ते वाऱ्याच्या किंवा बंदराच्या जवळ बनलेलंच बरं. पण उघडून पाहायला लागणारी माणसं आणि साधनं इथे जितकी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत तितकी राज्यात क्वचितच असतील. अमरावती रोडवर लक्ष्मीनारायण संस्था आहे, १९४२ पासूनची, आता स्वतंत्र विद्यापीठ. पॉलिमर शिकलेली मुलं तिथून बाहेर पडतात. अंबाझरीला व्हीएनआयटी आहे. वर्धा रोडला नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं मुख्यालय आहे, आणि कचऱ्याचं पुढे काय करायचं हा तर त्यांचा रोजचा विषय. मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बोईंग ७८७ विमानाच्या फरशीखालचे कार्बन फायबरचे बीम तयार होतात. विमानाच्या कामात कुठला थर कोणी, कधी, कुठल्या रोलमधून लावला याची नोंद ठेवावीच लागते. ती शिस्त नागपूरच्या पोरांच्या अंगवळणी पडली आहे. पात्यावर किलोमागे विमानाइतका खर्च परवडत नाही, मान्य. नोंद ठेवायला मात्र फार पैसे लागत नाहीत.

राहिली भट्टी. तीही आपल्याच विदर्भात. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, उपरवाही: राज्यातल्या सिमेंटच्या मोठ्या भट्ट्या याच पट्ट्यात आहेत, नागपूरपासून दीड-दोनशे किलोमीटरवर. चंद्रपूरला सिपेट ही प्लास्टिक अभियांत्रिकीची संस्थाही आहे. पात्यातलं रेझिन भट्टीत इंधन म्हणून जळतं आणि काचेतली सिलिका, अॅल्युमिना, चुना हे क्लिंकरचा भाग होतात. राखसुद्धा उरत नाही. जर्मनीत लेगरडॉर्फच्या सिमेंट कारखान्यात हे पंधराहून जास्त वर्षं चालू आहे. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही २०१६ मध्ये फायबरसारख्या न वितळणाऱ्या प्लास्टिकसाठी हाच मार्ग सुचवला. एकच खोच आहे. जुन्या काचेत बोरॉन असतं, आणि ते जास्त झालं तर सिमेंट जमायला वेळ घेतं. म्हणून किती टक्के पातं घालायचं हे कुठल्या काळची काच आहे ते पाहून ठरवावं लागेल. तेही उघडून पाहिल्यावरच कळेल.

पोलंडमध्ये, आयर्लंडमध्ये जुन्या पात्यांचे छोटे पूल केले आहेत, नेदरलँड्समध्ये मुलांचं खेळण्याचं मैदान. छान दिसतं, फोटो येतात. हजारो टन माल त्यात खपणार नाही.

नव्या पात्यांचं काय, हा दुसरा भाग. रेझिनमध्ये आशादायक कामं झाली आहेत. सौम्य आम्लात रेझिन विरघळून काच वेगळी करता यावी असा हार्डनर आदित्य बिर्ला समूहाने बाजारात आणला आणि चक्क्या बनवणाऱ्या सीमेन्स गमेसाने तो वापरून पाती बनवली. वेस्टासने २०२३ मध्ये जुन्या इपॉक्सीचेच घटक सुटे करण्याची रासायनिक पद्धत जाहीर केली. फ्रान्सच्या आर्केमाचं तापवल्यावर मऊ होणारं रेझिन वापरून स्पेनमध्ये ६२ मीटरचं पातं तयार झालं. गाभ्यासाठी इक्वेडोरच्या जंगलातलं बाल्सा लागतं. २०२० च्या सुमारास त्याला इतकी मागणी आली की ॲमेझॉनच्या खोऱ्यातली झाडं ओरबाडली गेली. आता त्याच्या जागी बाटल्यांच्या प्लास्टिकचा फोम येतो आहे. हे सगळं व्हावं. पण पंचवीस वर्षांनी उतरणाऱ्या पात्यात नेमकं कुठलं रेझिन होतं हे तेव्हा कोणाला कळणार, हे आज कोणी विचारत नाही. आम्लात टाकायचं की भट्टीत, हे त्याच एका माहितीवर ठरणार.

ती माहिती आज कंपनीच्या कपाटात असते. कंपन्या मात्र पात्यांहून अल्पायुषी निघतात. पवनचक्क्या बनवणारी जर्मनीची सेन्व्हिऑन २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली. जगातल्या मोठ्या कंपन्यांसाठी पाती बनवणारी, चेन्नईजवळही कारखाना असलेली अमेरिकेची टीपीआय कॉम्पोझिट्स २०२५ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याच्या आश्रयाला गेली. कंपनी गेली की नोंदीही गेल्या. म्हणून महाराष्ट्रात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक नव्या पात्याचा जन्मदाखला महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास अभिकरणाकडे जमा व्हावा, परवानगीची अट म्हणून. त्यात रेझिन आणि हार्डनर कोणतं व कुठल्या बॅचचं, काच कोणती, गाभा कशाचा, साच्यात असताना शेडमधला दमटपणा किती होता, गरम करण्याचा आलेख, अल्ट्रासाउंडने तपासल्याचा अहवाल, आणि कारखान्यातच केलेल्या दुरुस्त्या. दुरुस्त्यांची नोंद द्यायला कंपन्या कुरकुर करतील. त्यांना सांगावं की दुरुस्ती झालेलं पातं वाईट नसतं, दुरुस्ती लपवलेलं पातं असतं. केंद्राने ३१ जुलै २०२५ ला पाती, मनोरा, जनरेटर यांसाठी मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी सक्तीची केली आहे; त्या यादीत नाव असलेल्या कारखान्याला हा एक कागद जड जाऊ नये.

कारागिरांविषयी एक गोष्ट राहिली. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगात शिरली की आयुष्यभर राहते. हाताला पुरळ, पापण्या सुजणं, मग रेझिनच्या नुसत्या वासानेही त्रास. तशी माणसं मी या कामातून उठलेली पाहिली आहेत. कंत्राटी कामगार असेल तर तो सांगत नाही, दुसरीकडे जातो. त्याच्या जागी नवखा येतो, आणि त्याच्या हातून त्याच आठवड्यात एक सुरकुती राहते. पात्याचा दर्जा आणि कामगाराचे हातमोजे यांचा संबंध इतका सरळ आहे. नागपूरच्या आयटीआयमध्ये कॉम्पोझिटचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यात पहिला धडा हातमोजे आणि दुसरा कापड सरळ अंथरण्याचा ठेवला, तर धुळ्याला, गुजरातला, चेन्नईला जाणारी पोरं शिकून जातील.

येत्या हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात असाल. त्याआधी ऊर्जा विभाग, महाऊर्जा आणि वर सांगितलेल्या तीन-चार संस्थांना एका टेबलाशी बसवून तीन गोष्टी ठरवाव्यात: जुन्या चक्क्या बदलायची परवानगी देताना ठरावीक संख्येने पाती तपासणीसाठी द्यायची अट, तपासणीचा खर्च कोणी उचलायचा, आणि अहवाल कोणत्या महिन्यात जाहीर करायचा. खर्च पात्यांच्या वाहतुकीचाच जास्त असेल. तोही कमी करता येतो, कारण अख्खं पातं आणायची गरज नाही. बुडाचा, मधला आणि टोकाचा असे तीन तुकडे पुरतात, साध्या ट्रकमध्ये मावतील एवढे.

फक्त कापणाऱ्याला लेखी सांगावं लागेल की करवत चालवण्याआधी प्रत्येक तुकड्यावर बुडापासूनचं अंतर आणि कोणती बाजू वाऱ्याकडे होती ते रंगाने लिही, आणि बुडाशी कोरलेला क्रमांक आधी फोटोत घे. गॅस कटरने कापू नकोस, त्याने कडेचं रेझिन जळतं. डायमंड ब्लेडने काप, पाणी सोडत, तोंडाला मास्क लावून.

आपला,
हिंगणा रोड, नागपूर येथील एक फायबरवाला